बालवर्गाची खुर्ची सातवीत जाते

शाळेत कुणाला कसं शिकवायचं हे जे कुणी वर बसून ठरवतात, त्यांच्यावर हा उघड आरोप आहे. तुम्ही एकाच इमारतीत तीन वेगळी जगं रचलीत आणि मधे फक्त जिना ठेवलात. तळमजल्यावर पोरानं पाणी सांडलं की तुम्ही त्याला ‘शोध’ म्हणता. पहिल्या मजल्यावर त्याच पाण्याचं माप विचारता. दुसऱ्या मजल्यावर पाणी सांडलं की पोराला वर्गाबाहेर उभं करता. पाणी तेच, पोर तेच. आणि तुमच्या या जिन्यावरून एका शनिवारी सकाळी एक सरळमार्गी सोफेवाला ढुंगणाला खुर्ची अडकलेल्या अवस्थेत दोन मजले चढून गेला, त्याला जबाबदार तुम्ही आहात. तो नाही. त्याचा साडू थोडासा आहे.

साडूचं आधी सांगायला हवं, कारण सोफेवाल्याच्या आयुष्यात सगळं साडूपासूनच सुरू व्हायचं. बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा. पोट सपाट, शर्टाला इस्त्री, आवाज रेडिओवरच्या निवेदकासारखा. दुकान सोफेवाल्याच्या कारखान्याच्या बरोब्बर समोर, आणि विकायचा काय, तर साच्यातून काढलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या. इकडे सोफेवाला सागाची चौकट तासायचा, काथ्या भरायचा, स्प्रिंगा बांधायचा, कापड ताणून खिळे मारायचा, तेव्हा कुठे एक सोफा उभा राहायचा. तिकडे साडूच्या दारात टेम्पो थांबायचा आणि एकीत एक खोचलेल्या खुर्च्यांचे मनोरे खाली उतरायचे. खिळा नाही, काथ्या नाही, घाम नाही. सोफेवाला तोंडात खिळे धरून ते बघत राहायचा आणि दोन-चार खिळे चावून वाकडे करायचा.

तेवढंही त्यानं सोसलं असतं. पण साडूनं शाळेच्या बालवर्गाला छोट्या खुर्च्या भेट दिल्या. लाल, पिवळ्या, निळ्या, दोन्ही बाजूंनी हात असलेल्या.

सोफेवाल्याची धाकटी लेक त्याच बालवर्गात. घरी आली ती नाचतच.

“काकांनी आम्हाला खुर्च्या दिल्या. बाबा, तुम्ही काय दिलं?”

“मी तुला जन्म दिला.”

“तो आईनं दिला.”

सोफेवाला जेवणाच्या ताटावरून उठला आणि कारखान्यात जाऊन एका निरपराध उशीत भुसा ठासत बसला.

दुसरा घाव थोरल्याचा. थोरला सातवीत, त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर. साडूचा मुलगाही त्याच्याच वर्गात, म्हणजे तिथेही सुटका नाही. शनिवारी पालकसभा होती. आधी तळमजल्यावर बालवर्गाची, मग वर सातवीची. बायको परिचारिका, तिची नेमकी सकाळपाळी.

“बाबा, तुम्ही नाही आलात तरी चालेल,” थोरला बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला. “काका येणारच आहेत. ते माझंही ऐकून घेतील.”

“का? बाप मेलाय का तुझा?”

“तसं नाही. पण तुम्ही काहीतरी करता.”

“काय करतो?”

“गेल्या सभेत सरांच्या खुर्चीखाली वाकून बघत होतात.”

“स्प्रिंग गेली होती तिची. करकर वाजत होती.”

“सर बोलत होते, बाबा.” थोरल्यानं नाडी आवळली. “या वेळी काही झालं ना, तर मी यापुढे काकांनाच सांगणार. वर्षभर.”

म्हणजे बघा. धंदा गेला, धाकटी गेली, आता थोरलाही समोरच्या दुकानात चालला होता. सोफेवाल्यानं तिथल्या तिथे ठरवलं की हे प्रकरण शनिवारी मिटवायचं. बेत साधा होता. बालवर्गात जायचं, सगळ्या पालकांदेखत साडूच्या खुर्चीत बसायचं आणि ती मोडायची. मोडली की उठायचं, तुकडे साडूच्या मांडीवर ठेवायचे आणि ताठ मानेनं वर सातवीत जायचं.

“माणसाच्या बुडाखाली काय द्यावं हे माझ्याइतकं या गावात कुणाला कळत नाही,” तो आरशासमोर भांग पाडत म्हणाला. “मी नुसता टेकलो तरी कळेल, तिच्यात दम आहे की नाही.”

बायको ड्यूटीवर निघाली होती. तिनं त्याच्या पँटच्या उजव्या खिशाकडे बोट दाखवलं.

“अहो, ते डबडं तरी काढून ठेवा. सभेत कुणाला मोजणार आहात?”

डबडं म्हणजे पोलादी फितीची मोजपट्टी. गोल, मुठीएवढी, मांडीच्या बाजूला गळवासारखी फुगलेली. लग्नाच्या फोटोतसुद्धा ती दिसते. इतकी वर्षं त्या खिशात राहून ती सोफेवाल्याच्या अंगाचाच भाग झाली होती. आपल्याला कान आहेत हे जसं आपल्याला सारखं जाणवत नाही, तशी त्याला ती जाणवत नसे.

“असू दे गं,” तो म्हणाला. “ती नसली की मला नागडं वाटतं.”

बालवर्गाच्या खोलीत पालक सतरंजीवर बसले होते आणि मुलं त्यांच्यामधून माशांसारखी फिरत होती. तिथे शिकवणाऱ्या बाईंना ताई म्हणायचं. ताई कधी आवाज चढवत नसत. त्या जे बोलत त्याला जरा चाल असे. खुर्च्या दिल्याबद्दल खास बोलावलेला साडू पहिल्या रांगेत मांडी घालून बसला होता, इस्त्री न मोडता.

“या, साडूभाऊ, इथे बसा,” त्यानं सतरंजीवर थोपटलं.

“नको. तुमच्या खुर्चीचं कौतुक ऐकलंय. म्हटलं बसून बघावं.”

“अहो, त्या लहान मुलांच्या...”

सोफेवाल्यानं त्यातली एक लाल खुर्ची ओढली, पाठ केली आणि सगळा भार टाकून बसला. आता कडकन वाजेल म्हणून त्यानं तोंडावर खेदाचे भाव आधीच तयार ठेवले होते. वाजलं नाही. खुर्ची कण्हली, तिचे हात बाहेरच्या बाजूला वाकले, त्यांनी त्याला आत घेतलं, आणि तो आत गेल्यावर ते पुन्हा मिटले. जाड्या पाहुण्याला आत घेऊन दार लावून घ्यावं तसे.

तो थोडा वेळ तसाच बसला. मग हात झटकत उठला. खुर्चीही उठली.

एका चिमुरड्यानं बोट दाखवलं. “ताई, या काकांना शेपूट आलं.”

“छान निरीक्षण,” ताई म्हणाल्या.

सोफेवाल्यानं कंबर हलवली, डावीकडे, उजवीकडे. खुर्ची त्याच्याबरोबर डुलली. साडू पुढे झाला. “थांबा, मी ओढतो.”

“अंहं,” ताईंनी हात वर केला. “आमच्याकडे कुणालाही ओढत नाहीत. प्रत्येक मूल आपापल्या वेगानं बाहेर येतं. आपण त्याच्यावर विश्वास ठेवायचा. काका, तुम्हाला आत्ता कसं वाटतंय? रंगात सांगा.”

“काय?”

“लाल वाटतंय? निळं वाटतंय?”

“जांभळं होत चाललोय,” सोफेवाला म्हणाला.

तेवढ्यात धाकटी वडिलांच्या बाजूला येऊन उभी राहिली. तिची उंची त्या खिशाएवढीच, त्यामुळे जे कुणाला दिसत नव्हतं ते तिच्या नाकासमोर होतं. तिनं बोटानं टोचून बघितलं.

“ताई, बाबांच्या खिशात गोल आहे. ते गोल अडकलंय.”

आता हे उत्तर होतं. संपूर्ण, बरोबर, पहिल्या फटक्यात. ताईंचा चेहरा उजळला.

“अरे वा! गोल! किती हुशार. आणखी काय काय गोल असतं, कोण सांगेल?”

“चेंडू.”

“चाक.”

“या काकांचं पोट.”

“सगळ्यांसाठी टाळ्या,” ताई म्हणाल्या, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सोफेवाल्यानंही वाजवल्या, कारण हात तेवढे मोकळे होते.

वर घंटा झाली. सातवीचे सर घंटेनंतर दार लावून घेतात हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं.

“साडूभाऊ, तुम्ही इथेच निवांत बसा,” साडू उभा राहिला, पँटची घडी सरळ केली. “थोरल्याचंही मी ऐकून घेतो. घरचंच तर आहे.”

सोफेवाल्याच्या पोटात जे पेटलं ते खुर्चीच्या हातांपर्यंत पोचलं असावं, कारण ते आणखी आवळले. “मी येतोय,” तो म्हणाला आणि दाराकडे निघाला. दारातून समोरून जमेना. तो आडवा होऊन खेकड्यासारखा बाहेर पडला, आणि मागून मुलांनी त्याला गाणं म्हणून निरोप दिला.

साडू दोन-दोन पायऱ्या घेत कधीच वर गेला होता. सोफेवाला कमरेत वाकलेला; प्रत्येक पायरीला खुर्चीचे मागचे पाय भिंतीवर टक् टक् आपटत होते. त्या आवाजानं पहिल्या मजल्यावरच्या तिसरीच्या बाई बाहेर आल्या. या मजल्यावर ताई संपतात आणि बाई सुरू होतात. बाईंच्या हातात पट्टी होती, मारायची नाही, दाखवायची. त्यांनी सोफेवाल्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि भाजी निवडताना चांगली जुडी सापडावी तसा त्यांना आनंद झाला.

“या, या. आमचं बेरजेचंच चाललंय.”

“बाई, मला वर...”

“दोन मिनिटं.” त्यांनी त्याला दंडाला धरून फळ्यासमोर उभं केलं. “मुलांनो, खुर्चीला पाय किती?”

“चार.”

“काकांना?”

“दोन.”

“एकूण?”

“सहा,” वर्ग ओरडला.

“आता काकांना मदत करायची. लाल गट खुर्ची ओढेल, निळा गट काकांना ओढेल. जो गट जिंकेल त्याला तारा.”

सोफेवाल्यानं आयुष्यात बरेच सोफे ओढले होते, पण आपणच सोफा आहोत असं त्याला पहिल्यांदा वाटलं. लाल गटानं खुर्चीचे पाय धरले, निळ्या गटानं त्याचे हात. तो लांब झाला, सैल झाला नाही. मधल्या रांगेतली दोन वेण्यांची एक मुलगी त्याच्या खिशाकडे टक लावून बघत होती.

“बाई, खिसा,” ती म्हणाली.

“उभं राहून. पूर्ण वाक्यात.”

मुलगी उभी राहिली. “या काकांच्या उजव्या खिशात...”

“मोठ्यानं. मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे.”

“या काकांच्या उजव्या खिशात एक कडक वस्तू आहे, आणि त्यामुळे...”

“गटाशी बोलून घेतलंस का? एकटीनं उत्तर द्यायचं नाही, असं ठरलंय ना आपलं?”

मुलगी गटाशी बोलायला वळली. गट ओढण्यात गुंतला होता. वरच्या मजल्यावर दार करकरल्याचा आवाज आला तसा सोफेवाल्यानं दोन्ही गटांना हिसडा दिला आणि पळाला. दाराशी बाईंनी त्याला गाठून कपाळावर एक चमकता तारा चिकटवला. “प्रयत्नाबद्दल,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या मजल्यावर गाणं नव्हतं, गट नव्हते, भिंतींना रंगसुद्धा नव्हता. इथे बाईही संपतात आणि सर सुरू होतात. दार लागता लागता त्यात खुर्चीचा एक पाय अडकला, म्हणून सोफेवाला आत येऊ शकला. त्या खुर्चीनं दिवसभरात केलेलं तेवढंच एक चांगलं काम.

सर उंच होते आणि वरून बघायचे.

“उशीर.”

“आलो ना, सर.”

“ही खुर्ची या मजल्यावरची नाही.”

“माहीत आहे.”

“खालच्या वर्गांचं सामान वर आणायला मनाई आहे.”

“मी नाही आणली, सर. ती आली.”

“आणि कपाळावर काय आहे?”

“तारा.”

“इथे तारे देत नाहीत,” सर म्हणाले. “बसा.”

प्रत्येक पालकाशेजारी त्याचं पोर उभं होतं. साडू पहिल्या बाकावर, शेजारी त्याचा सरळ भांगाचा मुलगा. थोरला शेवटच्या बाकाजवळ भिंतीकडे तोंड करून उभा होता. या माणसाचा आणि आपला काही संबंध नाही हे तो पाठीनं सांगत होता. सोफेवाला त्याच्यापाशी जाऊन बसला. बसला म्हणजे, ज्या खुर्चीत बसलेलाच होता ती जमिनीला टेकली. बालवर्गाची उंची ती. बाकाच्या आड तो पूर्ण बुडाला.

सरांनी नावं घेतली नाहीत, नंबर घेतले. “तेरा. पालक?”

“हजर.”

“कुठे?”

“इथे. खाली.”

पहिल्या बाकावर कुणीतरी फसकन हसलं. थोरल्याचे कान तापल्या इस्त्रीसारखे झाले.

“तेराचं म्हणाल तर डोकं आहे,” सर बाकाला उद्देशून म्हणाले. “लक्ष नाही. तासभर खिडकीतून खाली बघत असतो.”

“काय बघतो?”

“तो प्रश्न नाही.”

सोफेवाल्याला तोच प्रश्न वाटला. त्यानं खालून थोरल्याची पँट ओढली. “काय बघतोस रे?”

“काही नाही.”

“सांग की.”

थोरला भिंतीशीच पुटपुटला. “खाली बालवर्गाची वाळू आहे. ते विहीर खणतात. कडा ढासळतात, कारण आधी पाणी मारत नाहीत. मला इथून दिसतं.”

“आणि इथे काय शिकवतात?”

“विहीर. आकृती काढायची आणि भागांना नावं द्यायची.”

समोरच्या दुकानाकडे तोंडात खिळे धरून कसं बघतात, हे सोफेवाल्याइतकं कुणाला कळणार? पोराला आपल्याच धाकट्या बहिणीचा हेवा वाटत होता, आणि तो हेवा त्यानं आपल्या बापाकडूनच उचलला होता.

मग थोरल्यानं पहिल्यांदाच वळून बापाकडे नीट बघितलं. खुर्ची बघितली. तिचा उजवा हात बघितला, त्याखाली फुगलेला खिसा बघितला. त्यानं हात वर केला.

“सर...”

“हात खाली. प्रश्न विचारलेला नाही.”

“पण सर, बाबांच्या...”

“अभ्यासक्रमाबाहेरचं नंतर.”

हात खाली गेला. आणि नेमकी हीच वेळ साधून साडू उभा राहिला. घसा साफ केला. रेडिओ लागला.

“सर, परवानगी असेल तर एक शब्द. पालकहो, साडूभाऊंची अवस्था बघून मला वाईट वाटतंय. पण एक गोष्ट बघा. एवढं वजन, दोन मजले, भिंतीवर आपटणं, दारात चेपणं. खुर्चीला एक तडा नाही.”

पालकांनी माना वळवल्या. त्यातली एक बाई कौतुकानं म्हणाली, “खरंच की. मोठ्या मापात मिळते का हो?”

“मिळते ना. हव्या त्या रंगात.”

बास. मोडायला निघालेल्या माणसाच्याच ढुंगणावर साडूची जाहिरात चालली होती. सोफेवाला उसळून उठला. “साडूभाऊ, तुमची ही खुर्ची...” पुढचं त्याला बोलता आलं नाही, कारण खुर्चीचे मागचे पाय शेवटच्या बाकाच्या दांड्यात अडकले होते. तो पुढे गेला तसा बाक आला. बाकानं शेजारचा बाक आणला. त्या बाकानं खिडकीचा पडदा आणला, पडद्यानं पृथ्वीचा गोल आणला, आणि पृथ्वी गडगडत जाऊन सरांच्या टेबलाखाली थांबली.

“तेरा,” सर म्हणाले. आवाज अगदी हळू, म्हणजे फार वाईट.

थोरल्यानं कुणाची परवानगी घेतली नाही. तो बापाजवळ गेला, त्याच्या उजव्या खिशात वरून दोन बोटं घातली, जरा फिरवलं, आणि मोजपट्टी उपसून काढली. खुर्ची सोफेवाल्याच्या अंगावरून घसरली आणि चारही पायांवर टक् करून उभी राहिली, जशी काही ती नुकतीच वर्गात आली होती.

सर थोरल्याच्या हातातल्या डबड्याकडे बघत राहिले.

“तुला कुणी विचारलं होतं?”

“कुणीच नाही, सर.”

“मग?”

“कुणी विचारतच नव्हतं.”

सरांनी दाराकडे बोट दाखवलं. थोरला निघाला. सोफेवाला जागचा हलला नाही तेव्हा सरांनी बोट त्याच्याकडे वळवलं. “तुम्हीही.”

बाहेरच्या पॅसेजमध्ये दोघं भिंतीला पाठ लावून उभे राहिले. दार लागलं. आतून रेडिओवरचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता: “काही हरकत नाही, सर. दोघांचं मलाच सांगा. घरचंच तर आहे.”

म्हणजे जे होऊ नये म्हणून सोफेवाला खुर्ची घालून दोन मजले चढला, ते त्याच्या नाकासमोर, बंद दाराआड, त्याला ऐकू येईल अशा आवाजात झालं.

त्यानं थोरल्याकडे बघायची हिंमत केली नाही. शेजारून फुसफुस ऐकू आली. आधी त्याला वाटलं पोर रडतंय. मग बघितलं तर पोरानं मनगट तोंडात कोंबलं होतं आणि खांदे हलत होते.

“पृथ्वी,” थोरला कसाबसा म्हणाला, “पृथ्वी टेबलाखाली गेली, बाबा.”

“हसतोस काय? आता पुढच्या वेळी काकाच ना?”

“हो. काकाच.” त्यानं डोळे पुसले. मोजपट्टी बापाच्या हातात दिली. “पण तुम्ही पण या. बाहेर उभं राहायला सोबत लागते.”

पॅसेजच्या खिडकीतून खाली वाळू दिसत होती. धाकटी आणि तिची मंडळी विहीर खणत होती आणि कडा ढासळत होत्या. थोरल्यानं खिडकीत वाकून तोंडाभोवती हात धरले. “आधी पाणी मार.” धाकटीनं वर बघितलं, बादली आणली आणि पाणी मारलं. कडा थांबली. ताईंनी टाळ्या वाजवल्या. मागचं दार उघडलं आणि सर म्हणाले, “पॅसेजमध्ये आवाज नको.”

संध्याकाळी धाकटीनं चित्र आणलं. बालवर्गात भिंतीवर लावलेलं, खास घरी दाखवायला सोडवून आणलेलं. सोफेवाल्यानं हात धुऊन ते घेतलं. पानभर एक लाल खुर्ची होती, प्रत्येक पाय नीट रंगवलेला, सूर्यापेक्षा मोठी. तिच्या टोकाला काहीतरी बारीकसं चिकटलेलं होतं.

“ही काकांची खुर्ची,” धाकटी म्हणाली.

“आणि हा डाग कसला?”

“ते तुम्ही.”

सोफेवाला तरीही ते चित्र कारखान्यात घेऊन गेला आणि समोरच्या दुकानातून दिसेल अशा जागी लावलं.

तर, वर बसून ठरवणाऱ्यांनो. बापाच्या खिशात काय अडकलंय हे पाच वर्षांच्या मुलीनं सगळ्यांच्या आधी सांगितलं, तुम्ही टाळ्या वाजवल्या आणि ऐकलं नाहीत. आठ वर्षांच्या मुलीनं सांगितलं, तुम्ही तिला गटाशी बोलायला पाठवलंत. बारा वर्षांच्या मुलानं सांगितलं, तुम्ही त्याचा हात खाली केलात. उत्तर एकच होतं, ते खालपासून वरपर्यंत बरोबर होतं, मग मजला चढत गेला तसा त्याचा गुन्हा कसा झाला? आता तुम्ही सांगा. उभं राहून, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, पूर्ण वाक्यात. आणि गटाशी बोलून घ्यायची गरज नाही.